विकत घेतलेला साचा आणि आपली शाळा
(संकेतस्थळाचे काम प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकबंधू-भगिनींसाठी)

आपल्या शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, अशी इच्छा अलीकडे अनेक शिक्षक बोलून दाखवितात. लोकवर्गणीतून थोडी रक्कम जमली की बाजारातून तयार साचा, म्हणजेच ज्याला थीम अथवा टेम्प्लेट म्हणतात तो, विकत घेतला जातो. साचा दिसण्यास सुरेख असतो, किंमतही फार नसते आणि काम अर्धेअधिक झाले असे वाटू लागते. प्रत्यक्षात कामास तेथून आरंभ होतो. तो आरंभ कसा करावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी पाठटाचणे काढली आहेत. तयार टाचणांच्या वह्याही तेव्हा हाती येत. त्या वहीतील टाचण जसेच्या तसे वर्गात नेणाऱ्या छात्राध्यापकाची जी गत होई, ती आपणांस आठवत असेल. टाचणात समुद्रकाठच्या शिंपल्यांचा दाखला असे आणि समोर बसलेली मुले घोडनदीच्या काठची असत. टाचण चुकीचे नसे, परंतु ते दुसऱ्या वर्गासाठी लिहिलेले असे. विकत घेतलेल्या साच्याचे नेमके तसेच आहे. तो कोणा काल्पनिक शाळेसाठी रचलेला असतो. ती शाळा त्यातून प्रथम बाहेर काढावी लागते, मगच आपली शाळा आत येते.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळेचे संकेतस्थळ नुकतेच सुरू झाले होते. रंग उत्तम, चित्रे मोठी. एका वस्तीवरील माता टोमॅटोच्या कामासाठी नारायणगावकडे गेली होती. अतिवृष्टीमुळे शाळेस सुटी आहे काय, हे पाहण्यासाठी तिने फोनवर ते संकेतस्थळ उघडले. सूचनाफलकावर साच्याबरोबर आलेली हिवाळी सुटीची इंग्रजी सूचना तशीच होती. खाली दिलेला दूरध्वनी क्रमांकही नमुन्यादाखल घातलेला होता. तो लागलाच नाही. शेवटी तिने दिवसाची मजुरी सोडून घर गाठले. शाळा चालू होती आणि मुले वर्गात सुखरूप होती. त्या शिक्षकांनी रंग बदलण्यात तीन रात्री घालविल्या होत्या. फोन क्रमांक बदलण्यास तीन मिनिटे लागली असती. काम कोणत्या क्रमाने करावे, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे त्या दिवशी मला उमगले.

साच्याचे स्वरूप

संकेतस्थळात तीन थर असतात. पहिला थर यंत्रणेचा. वर्डप्रेस ही त्यांपैकी सर्वांत प्रचलित यंत्रणा होय. ती २००३ साली सुरू झाली, ती विनामूल्य आहे आणि तिचा कारभार मराठीतूनही करता येतो. दुसरा थर साच्याचा, म्हणजे वेशभूषेचा. तिसरा थर आपल्या मजकुराचा. नवख्या माणसाची गफलत होते ती दुसरा व तिसरा थर एकच समजल्यामुळे. साचा बदलला तरी मजकूर टिकतो. आणि मजकूर कच्चा असेल तर कोणताही साचा त्यास तारू शकत नाही.

साचा विकत घेतला म्हणजे त्याचा परवाना घेतला, एवढाच अर्थ आहे. उदाहरणार्थ, थीमफॉरेस्ट या प्रसिद्ध विक्रीस्थळाच्या साध्या परवान्यात एक साचा एकाच संकेतस्थळासाठी वापरता येतो आणि विक्रेत्याचे साहाय्य सहा महिन्यांपुरते असते. तेव्हा केंद्रातील दहा शाळांनी मिळून असा एक साचा वाटून घेणे योग्य नव्हे. नमुन्यातील छायाचित्रे वापरण्याचा हक्कही पुष्कळदा त्या किमतीत येत नाही. कोणी परिचिताने विकतचा साचा फुकट दिला तर तो नम्रपणे नाकारावा. अशा चोरट्या प्रतींत घातक आज्ञावली दडविलेली असू शकते.

प्रथम प्रत, मग बदल

कामास हात घालण्यापूर्वी साच्याची मूळ संचिका संगणकाखेरीज पेनड्राइव्हवरही जपून ठेवावी आणि संपूर्ण संकेतस्थळाचा बॅकअप घ्यावा. जनरल रजिस्टरमधील नोंदीवर आपण खाडाखोड करीत नाही, तीच शिस्त येथेही पाळावी.

याबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. आरंभी मी साच्याच्या मूळ संचिकेतच रंग व अक्षरांचे बदल करीत असे. महिन्याभराने साच्याची नवी आवृत्ती आली. मी अद्ययावत करण्याची कळ दाबली आणि माझे सर्व बदल नाहीसे झाले. नव्या आवृत्तीने जुन्या संचिका पुसून आपल्या बसविल्या होत्या. यंत्राने आपले काम चोख केले होते.

ही आपत्ती टाळण्याचे तीन मार्ग आहेत. थोडेच बदल करावयाचे असतील तर वर्डप्रेसमध्ये ‘अतिरिक्त सीएसएस’ नावाची जागा असते. तेथे लिहिलेल्या सूचना साचा अद्ययावत झाला तरी राहतात. अधिक बदल असतील तर ‘चाइल्ड थीम’ करावी. ही एक स्वतंत्र लहान संचिकापेटी असते; तिच्यातील एका संचिकेच्या शिरोभागी मूळ साच्याच्या पेटीचे नाव लिहिलेले असते. यंत्रणा प्रथम आपल्या पेटीत पाहते आणि तेथे जे नसेल ते मूळ साच्यातून घेते. अनेक विक्रेते अशी पेटी साच्यासोबतच देतात. तिसरा मार्ग नव्या पद्धतीच्या साच्यांचा. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ५.९ या आवृत्तीपासून अशा साच्यांची संपूर्ण रचना पडद्यावरच बदलता येते. ते बदल साच्याच्या संचिकांत न जाता संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात जातात, म्हणून सुरक्षित राहतात.

एका वेळी एकच बदल करावा, तो पाहावा, वहीत नोंदवावा आणि मगच पुढे जावे. पाच बदल एकदम केले आणि पान बिघडले, तर दोष कोणाचा हे कळत नाही.

घर रिकामे करणे

आता परकी शाळा बाहेर काढावी. संकेतस्थळाचे प्रत्येक पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचावे. नमुन्याच्या जागी पुष्कळदा ‘लोरेम इप्सम’ या शब्दांनी सुरू होणारा मजकूर आढळेल. हा सिसेरो या रोमन लेखकाच्या इसवी सनपूर्व ४५ मधील लॅटिन ग्रंथातील उताऱ्याची मोडतोड करून तयार झालेला असून, जागा भरून दाखविण्यापलीकडे त्यास अर्थ नाही. तो शोधून शोधून काढावा. वर्डप्रेस स्वतःहून एक नमुना लेख व एक नमुना पान घालते, तीही काढावीत. परदेशी मुलांची छायाचित्रे, काल्पनिक शिक्षकांची नावे आणि कोणीही न दिलेले अभिप्राय काढून टाकावेत. नकाशात दिसणारे परके शहर काढून तेथे आपले गाव आणावे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला पत्ता हमखास विसरला जातो.

रिकामी झालेली जागा भरण्यासारखे काही नसेल तर ती पानातून काढून टाकावी. ‘आमची बससेवा’ असा विभाग साच्यात आहे म्हणून तो ठेवण्याचे कारण नाही. उलट ‘आमचा परिसर’ हा विभाग बहुधा साच्यात नसतो. तो आपण जोडावा. शिवनेरी, नाणेघाट, भीमाशंकर, डिंभे धरण यांपैकी जे आपल्या मुलांच्या पायाखालचे असेल, त्याविषयी मुलांनीच लिहिलेले चार परिच्छेद तेथे शोभतील.

संपर्कासाठी दिलेला अर्ज स्वतः भरून पाठवून पाहावा व तो कोणाच्या टपालपेटीत पोहोचतो याची खात्री करावी. तसेच वेळेची नोंद तपासावी. वर्डप्रेस आरंभी जागतिक प्रमाणवेळ धरते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सेटिंगमध्ये कोलकाता ही वेळ निवडली नाही, तर पहाटे पाच वाजता टाकलेल्या सुटीच्या सूचनेवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

मराठीचे वळण

विक्रीचे बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्यांत मराठी घातली की पुढील अडचणी येतात.

पहिली अडचण फॉन्टची. साच्याच्या फॉन्टात देवनागरी अक्षरेच नसतील, तर वाचकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो आपोआप येतो आणि आपण योजलेली मांडणी विस्कटते. यास्तव मुक्ता अथवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा विनामूल्य फॉन्ट निवडावा.

दुसरी अडचण अंतराची. इंग्रजी मथळे ठसठशीत दिसावेत म्हणून साच्यात अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलेले असते. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते. हे अंतर शून्य करावे. उलट ओळींमधील अंतर वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व रफार एकमेकांस भिडतात. अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवल्यास वाचन सुखकर होते.

तिसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की पानाच्या मुळाशी तशी नोंद होते. ज्या फॉन्टांत मराठीसाठी वेगळी वळणे घातलेली असतात, ते अशा नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवितात. दृष्टिहीन वाचकास पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रासही या नोंदीवरून भाषा कळते. पहिलीच्या मुलास आपण जे वळण शिकवितो, तेच शाळेच्या पानावर दिसावे, हे उचित होय.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टंकलिखित केलेला मजकूर थेट चिकटविला तर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नीट वाचून मगच घ्यावा. रूपांतरात जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो.

वजन आणि फोन

आपले पालक संकेतस्थळ पाहणार ते फोनवर. भीमाशंकरच्या डोंगरातील वाड्यांवर संपर्क क्षीण असतो. फोनने काढलेले चार मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे बत्तीस मेगाबिट. सेकंदास एक मेगाबिट वेग मिळाला तरी ते उतरण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. मुखपृष्ठावर अशी सरकणारी पाच छायाचित्रे ठेवली तर पालक कंटाळून पान बंद करतो. चित्राची रुंदी सुमारे १२०० बिंदूंवर आणून ते दोनशे किलोबाइटच्या आत ठेवावे. सरकता चित्रपट काढून एकच चित्र ठेवल्यास उत्तम. सूचनाफलक मुखपृष्ठावर सर्वांत वर असावा.

मुलांची छायाचित्रे

साच्यात चित्रांसाठी पुष्कळ जागा असते आणि ती भरण्याचा मोह होतो. येथे थांबून विचार करावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता व गाव ही एकत्र जगापुढे मांडणे शहाणपणाचे नव्हे. लेखी संमती घ्यावी. समूहाची, हस्तकलेची, बागेची चित्रे वापरावीत. नावे चित्राखाली देऊ नयेत. आधार क्रमांक अथवा जन्मतारीख असलेली कोणतीही यादी कधीही चढवू नये. काय प्रसिद्ध करावे हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ठरवावे.

बदलीनंतर काय?

शाळेचे संकेतस्थळ बहुधा एका उत्साही शिक्षकाच्या खांद्यावर उभे असते. त्यांची बदली होते; पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. पुढे वार्षिक शुल्क भरण्याची आठवण कोणास राहत नाही आणि पत्त्याची मुदत संपते. मुदत संपलेला पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो व त्यावर वाटेल ते दाखवू शकतो. शाळेच्या फलकावर, दाखल्यांवर, पालकांच्या फोनमध्ये मात्र तोच पत्ता राहिलेला असतो.

म्हणून पत्त्याची नोंदणी शाळेच्या ईमेलवर करावी, व्यक्तीच्या नव्हे. पत्त्याची मुदत, होस्टिंगची मुदत, साच्याचा परवाना, बॅकअपची जागा आणि पूर्वी सांगितलेली बदलांची वही यांची नोंद मुख्याध्यापकांच्या चार्ज यादीत असावी. पासवर्ड बंद लिफाफ्यात कपाटात ठेवावा व चार्ज देताना बदलावा. तसेच किमान दोन शिक्षकांस सूचना टाकण्याची रीत येत असावी.

शेवटची तपासणी

काम पूर्ण झाले असे वाटले की एका पालकास शाळेत बोलवावे. त्यांच्याच फोनवर, आपण काही न सांगता, त्यांना तीन गोष्टी शोधण्यास सांगावे: शाळा आज चालू आहे काय, शाळेची वेळ काय, आणि अडचण आली तर कोणत्या क्रमांकावर बोलावे. तिन्ही उत्तरे मिनिटभरात सापडली आणि त्यांनी लावलेला फोन शाळेत वाजला, की रंगांकडे वळण्यास हरकत नाही.

— शिक्षण विस्तार अधिकारी, मंचर