दुखणे उठण्याआधी औषध उशाशी का नको?

रात्री दोन वाजता किनवट तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात कॅन्सरच्या रुग्णाला असह्य कळा सुटल्या, तर त्याने कोणाचे दार वाजवायचे? नांदेडच्या विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे. जवळच्या आरोग्य केंद्रात मॉर्फिन मिळेलच याची खात्री नाही. मग रात्र सरेपर्यंत घरच्यांनी नुसते कण्हणे ऐकत बसायचे. 'आता घरी न्या' म्हणून मुंबईहून परत पाठवलेल्या आपल्या कितीतरी माणसांचे शेवटचे दिवस असेच गेले आहेत.

ब्रिटनमध्ये यावर एक साधा उपाय रूढ आहे. घरी अखेरचे दिवस मोजणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टर दुखणे उठण्याआधीच औषधे लिहून घरात ठेवायला देतात. वेदनेसाठी मॉर्फिन, आणि मळमळ, घालमेल, घशातली घरघर यांसाठी वेगवेगळी. वेळ आली की नर्स येऊन लगेच देते, दुकान शोधत फिरावे लागत नाही. यात जगावेगळे काही नाही. मॉर्फिन सुरू करताना आपल्याकडचा जाणता डॉक्टरही पोट साफ होण्याचे औषध त्याच चिठ्ठीवर लिहितो, कारण मॉर्फिनने पोट घट्ट होते हे त्याला आधीच ठाऊक असते.

पण ज्याला दुखते त्याला काय वाटते? हे विचारण्याची आपल्या व्यवस्थेला सवय नाही. वस्त्यांतून फिरताना आम्ही विचारले. नांदेडच्या एका वस्तीत अंथरुणाला खिळलेल्या मावशी म्हणाल्या, "वकील साहेब, औषध उशाला असलं की झोप तरी लागंल. घ्यायचं का नाही ते मागून बघू. पण हाय म्हणल्यावर जीव निवांत राहतोय." लातूरच्या आडत बाजारात आयुष्यभर हमाली केलेले, घशाच्या कॅन्सरने आवाज बसलेले एक काका मात्र नको म्हणाले. "ते घरात आलं म्हंजे डॉक्टरनं माझा दिस ठरवला की." दुसरे कारण सांगताना त्यांनी दाराकडे पाहिले. "अफूचं औषध म्हणत्यात. उद्या पोलीस आले तर पोरगं आत जाईल."

ब्रिटनमधल्या रुग्णांशी बोलून झालेल्या अभ्यासांतही कोणाला आधार वाटतो, तर कोणाला घरात मरण आणून ठेवल्यासारखे वाटते. पोलिसांची भीती मात्र आपली, खास आपल्या वस्तीची. चोरी गावात कुठेही होवो, गाडी आधी आपल्याच दारात येते. काकांना भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला?

एनडीपीएस कायदा 1985 चा. या कायद्याने नशेच्या व्यापाऱ्यापेक्षा कॅन्सरच्या रुग्णाला जास्त जखडले, असे आमचे स्पष्ट मत आहे. मॉर्फिन ठेवायचे तर दवाखान्याला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. आणि अफू पिकते कुठे? मंदसौर, नीमचला, सरकारच्याच परवान्याने. नीमच आणि गाझीपूरला तिच्यावर प्रक्रिया करणारे कारखानेही सरकारचेच! केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यासाठी वर्षानुवर्षे झगडले. 2007 साली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली. अखेर 2014 साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसारखी औषधे अत्यावश्यक ठरली आणि औषध नियंत्रकाची एकच मान्यता रुग्णालयाला पुरेशी झाली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेले औषध रुग्णाने स्वतःपुरते घरात ठेवणे हा गुन्हा नाही.

हे आम्ही काकांना समजावले. औषध घ्यायचे ठरलेच तर चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स काढा, एक पोराच्या खिशात राहू द्या, असे सांगितले. त्यांनी अजून ठरवलेले नाही. घाई आम्ही करणार नाही, डॉक्टरनेही करू नये.

'मागच्या जन्मीचे भोग आहेत, सोसा' असे सांगणारे अजून भेटतात, शिकलेलेही भेटतात. तथागतांनी असे सांगितले नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आधी विचारले, तुला काय होते आहे, तुझ्याजवळ कोणी आहे का. मग आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे.

आता नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी व दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांनी फलकावर लिहावे : मॉर्फिन कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, किती दिवसांचे मिळते, आणि तालुक्याच्या रुग्णाने कोणाला फोन करायचा. लिहीत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. घरात असा रुग्ण असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. येताना रुग्णाची फाईल आणावी, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे ते विचारून यावे.