घाऊक बाजार, किरकोळ सावली

पितळी भांडी, सुकामेवा, मसाले, बादल्या, पूजेचं सामान. हैदराबादच्या बेगम बाजारात जे मिळत नाही, त्यावाचून बहुधा कुणाचं अडतही नाही. निजाम अली खान, म्हणजे दुसरा आसफजाह, याची पत्नी हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे तिकडच्या जुन्या दुकानदारांना हा बाजार परका नाही.

बाजाराच्या दक्षिणेला मुसी नदी वाहते. एरवी तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. पण 28 सप्टेंबर 1908 रोजी याच मुसीने सुमारे 15,000 माणसं नेली आणि अफजलगंजचा पूल मोडून टाकला. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेवर चढलेली दीडशेएक माणसं तेवढी तगली, असं सांगतात. ती चिंच अजून उभी आहे. पुढे पूर आवरण्यासाठी अभियंते विश्वेश्वरय्यांना पाचारण झालं. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर हे तलाव बांधून झाले. शहर निर्धास्त झालं आणि नदीकाठी, अगदी पात्रातही, घरं उठली. ज्याला दुसरीकडे भाडं परवडत नाही, तोच नदीच्या इतक्या जवळ राहतो.

त्यात आता पाऊसही बदलतो आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादने ते पाहिलं. सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही तलावांचे दरवाजे उघडावे लागले आणि बेगम बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या महात्मा गांधी बसस्थानकात मुसी शिरली. व्यापाऱ्याचा माल माडीवर नेता येतो. चादरघाटजवळच्या मूसानगरातल्या माणसाला माडीच नसते. 2024 मध्ये नदी सुशोभीकरणासाठी तिथली काही घरं पाडून कुटुंबांना सरकारी सदनिकांत हलवण्यात आलं. पुरातून सुटका झाली हे खरं, पण रोजी मिळते ती जुन्याच ठिकाणी, आणि जायच्या-यायच्या भाड्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पुराची निदान बातमी तरी होते, उन्हाची होत नाही. इथला बाजार उशिरा उघडतो, म्हणून हमालाचं ओझं नेमकं टळटळीत दुपारी वाढतं. डोक्यावर पंचाची चुंबळ, तिच्यावर पोतं, समोर गल्लीत अडकलेली हातगाडी. थांबलं की खेप बुडते. इथल्या मच्छी बाजारात तर माशांपेक्षा बर्फाची काळजी मोठी. बर्फ वितळला की विक्रेत्याने पदरचे पैसे घालून पुन्हा आणायचा, नाहीतर मासे पडेल भावात विकायचे.

तेलंगण सरकारने 2025 मध्ये उष्णतेची लाट राज्याची आपत्ती ठरवली आणि उष्माघाताने मृत्यू झाल्यास वारसांना 4 लाख रुपये देऊ केले. निर्णय चांगलाच आहे. पण हमाल जिवंत असतानाच त्याला दुपारी दोन तास सुट्टी, छप्पर आणि प्यायला गार पाणी द्यायला 4 लाख लागत नाहीत. बाजाराच्या व्यापारी संघटनांनी आणि महापालिकेने पुढच्या उन्हाळ्याआधी एवढं तरी करावं.