हॉप्सची वेल नको, हॉप्सवाल्यांची शिस्त घ्या



मागच्या व्हिडिओत मी हॉप्सबद्दल दोनच मिनिटं बोललो. वेळ कमी पडला. म्हणून आज हा विषय सविस्तर लिहून काढतोय.

मागच्या वर्षी जानेवारीत आमगावकडचा एक पोरगा बिरसीच्या माझ्या दुकानात आला. वय तेवीस. आईच्या बचत गटातून साठ हजारांचं कर्ज काढायची तयारी झालेली. मोबाईलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. घरामागे वेल लावलेली, त्यावर हिरव्या फुलांचे घोस, ते तोडून, वाळवून तो माणूस घरीच बिअर बनवतो. पोरगा म्हणाला, "सर, पुण्या-मुंबईत ताजी बिअर बनवणारे एवढे झाले. हॉप्स बाहेरून येतात. आपण गोंदियात पिकवले तर?"

प्रश्न वाईट नव्हता. मालाला मागणी आहे, माल बाहेरून येतो, मग आपण का नाही? धंद्याचा विचार असाच सुरू होतो. पण तो इथेच थांबला तर पैसे बुडतात. मला हे माहीत आहे, कारण माझे बुडालेले आहेत.

आधी हॉप्स म्हणजे काय ते समजून घ्या

हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल. एकदा लावली की मुळं वर्षानुवर्षं जगतात. दर हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, वसंतात नवीन कोंब फुटतात आणि दोरीला धरून वेल पंधरा-वीस फूट चढते. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बिअरला लागतात ती फक्त मादी वेलीची शंकूसारखी फुलं. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी पूड असते. बिअरचा कडवटपणा आणि वास त्या पुडीतून येतो, आणि बिअर टिकायलाही तिची मदत होते. म्हणून शेतकरी बी लावत नाही, मादी वेलीच्या मुळाचा तुकडा लावतो. बियांतून निम्म्या वेली नर निघाल्या तर करायचं काय?

माझा प्रयोग, माझा तोटा

मी ऑनलाइन सहा मुळं मागवली. विकणाऱ्याने "भारतात कुठेही येते" असं लिहिलं होतं. खर्च ३,६०० रुपये, वर बांबू, दोरी, खत वेगळं. सहापैकी दोन उगवली. कमरेएवढी झाली. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या, शेंडे वाळले. फूल एकही नाही.

मी पाण्याला दोष दिला, मातीला दोष दिला. नंतर कळलं की खरा घोळ दिवसाच्या लांबीत होता. हॉप्सची वेल उन्हाळ्याच्या लांब दिवसांत उंच वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलते. तिला चांगलं पीक द्यायला साधारण पंधरा तासांचा दिवस आणि खरी थंडी लागते. म्हणून जगातले मोठे मळे जर्मनीतल्या हालर्टाऊ भागात आणि अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात आहेत. आपल्या देशात हॉप्स पिकले ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात आणि काश्मीरमध्ये.

आपलं गोंदिया साडेएकवीस अक्षांशावर. इथला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच संपतो. त्यात मे महिन्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पाणी वाढवता येतं, खत बदलता येतं, सूर्य थांबवता येत नाही. ब्राझीलमध्ये संध्याकाळनंतर दिवे लावून दिवस लांबवतात आणि पीक घेतात. होतं, नाही असं नाही. पण ते दिवे, ती वीज, ते खांब साठ हजारांत बसत नाहीत.

गिऱ्हाईक काय विचारतं?

समजा, कशीबशी वेल फुलली. चांगल्या हवामानात जोमदार वेलीपासून साधारण अर्धा ते एक किलो वाळलेला माल मिळतो. साध्या हलक्या बिअरला लिटरमागे एक-दोन ग्रॅम हॉप्स पुरतात, म्हणजे एक किलोत पाचशे ते हजार लिटर बिअर झाली. बनवणारा मोजक्या किलोंची खरेदी करतो. आणि त्याला पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या आम्लाचं प्रमाण टक्क्यांत लिहिलेलं हवं. तो आकडा नसेल तर त्याची प्रत्येक खेप वेगळ्या चवीची होईल. "घरचा आहे, ताजा आहे" याला तिथे किंमत नाही.

आणि घरीच बिअर बनवायचं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. त्यासाठी साहित्य-भांडी बाळगणं हाही गुन्हाच. परदेशातल्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, कारण तिथला कायदा वेगळा. आपला व्हिडिओ पाहणाऱ्याचं नाव पोलीस ठाण्यात जाऊ नये, म्हणून मी सांगतोय.

मग त्या व्हिडिओतून घ्यायचं काय?

तोडणी आणि वाळवणी. पोरगा नेमकी हीच पाच मिनिटं पुढे ढकलून पाहत होता!

हॉप्सवाला फूल बोटांत दाबून पाहतो. ओलसर, मऊ लागलं की थांबतो. कागदासारखं खरखरीत लागलं, दाबून सोडल्यावर परत फुललं, आतली पूड गडद पिवळी दिसली की तोडतो. ताज्या फुलात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, ते आठ-दहा टक्क्यांवर आणतो. जाळीवर पातळ पसरतो, खालून वारा देतो, उष्णता साठ अंशांच्या आत ठेवतो, नाहीतर वास उडतो. मधला दांडा वाकला तर अजून ओलं, कट्‌कन मोडला तर झालं. मग हवा काढून पाकीट बंद, थंड जागा, वर जात आणि वर्ष लिहिलेलं.

आता आपल्या धुऱ्यावरचा मोह डोळ्यांसमोर आणा. तोही फुलाचाच माल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. आपण झाडाखालचा पाला जाळतो, राखेत-मातीत पडलेली फुलं वेचतो, अंगणात जाड थर टाकून वाळवतो, पोत्यात कोंबतो आणि येईल त्या भावाला व्यापाऱ्याला देतो. तो पाला जाळताना जंगलाला आग लागते ते वेगळंच. वाळलेल्या मोहात निम्म्याहून जास्त साखर असते. एवढा गोड माल आपण मातीसकट विकतो आणि पावसाळ्यात गरज पडली की चढ्या भावाने परत घेतो.

हॉप्सची वेल इथे येणार नाही. हॉप्सवाल्यांची शिस्त येऊ शकते. पोराला मी तेच सांगितलं.

पोराने काय केलं?

कर्ज काढलं नाही. धुऱ्यावरच्या दोन झाडांखाली हिरवी जाळी बांधली, जमिनीपासून तीन फूट वर. पाला जाळला नाही. सकाळी ऊन चढायच्या आत फुलं गोळा केली, बांबूच्या ताटव्यांवर पातळ पसरली, रात्री झाकली. तीन-चार किलो ओल्या फुलांमागे एक किलो वाळलेला माल धरायचा असतो. त्याच्याकडे सगळा मिळून चाळीस किलो जमला. निवडून, चाळून, अर्धा-अर्धा किलोची पाकिटं केली.

इथे एक चूक झाली, तीही सांगतो. शेवटचा सहा किलोचा माल घाईत पॅक केला. बाहेरून वाळलेला, आत ओल. जुलैत पाकिटं उघडली तर बुरशी. सहा किलो फेकले. दांडा मोडून पाहायची जी परीक्षा हॉप्सवाला करतो, तशी त्याने केली नाही. मोहाची परीक्षा सोपी आहे: मूठभर फुलं दाबा. गोळा झाला तर अजून वाळवा, सुटी राहिली तर ठीक. शंका असेल तर काचेच्या बरणीत एक रात्र बंद ठेवा. सकाळी आतून दमट दिसली तर पॅकिंग नाही.

उरलेले चौतीस किलो त्याने लाडू-चिक्की करणाऱ्या दोन बचत गटांना दिले. गावातल्या भावापेक्षा जास्त मिळाले. श्रीमंत झाला नाही. पण आईच्या डोक्यावर कर्जही नाही, आणि यंदा त्याने पाच झाडांखाली जाळी बांधली.

तुम्ही सुरू करणार असाल तर

१. झाड कोणाचं ते आधी ठरवा. स्वतःच्या शेतातलं असेल तर ठीक. जंगलातलं असेल तर ग्रामसभेला विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावांचा हक्क मानला आहे, तो एकट्याचा नाही.

२. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांची वाहतूक आणि साठवण यांवरची बंधनं सैल केली. तरी मोठा साठा करण्याआधी सध्याचा नियम कार्यालयात जाऊन विचारा. दारू गाळणं परवान्याशिवाय गुन्हाच आहे, त्यात बदल नाही.

३. खाद्यपदार्थ म्हणून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी करा. पाकिटावर वजन, तारीख, गाव लिहा.

४. पहिल्या वर्षी फक्त दोन झाडं. पाकीट सील करायचं मशीन मी स्वतः विकतो, तरी सांगतो, चाळीस किलोसाठी विकत घेऊ नका. कोणाचं तरी मागून आणा.

या आठवड्याचं काम एकच. तुम्हाला आवडलेला कोणताही "घरबसल्या धंदा" व्हिडिओ परत पाहा आणि कागदावर तीन ओळी लिहा: हे पीक कुठल्या हवेत येतं, गिऱ्हाईक पाकिटावर काय वाचतो, आणि आपल्याकडचा कायदा काय म्हणतो. एकाही ओळीला उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. जाळी कशी बांधायची ते प्रत्यक्ष झाडाखाली उभं राहून दाखवतो.