रुग्ण जेव्हा उपस्थाता होतो

चरकाचार्यांनी वैद्य, औषध, उपस्थाता व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आणि रुग्णाच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्यथा नेमकी सांगता येणे, गणले. मनाच्या आजारांत हा गुण बरे झाल्यावरही उपयोगी पडतो. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून सुटलेले कित्येक जण पुढे कार्यकर्ते झाले. वैद्यापासून लपविलेले रुग्ण त्यांच्यापाशी बोलतो. परंतु उपस्थात्याला उपचारज्ञता व दाक्ष्यही हवे. त्यासाठी प्रशिक्षण, मानधन, विश्रांती आणि स्वतःचा तोल ढळू लागल्यास निःसंकोच सांगता येईल असा वरिष्ठ हवा. बऱ्या झालेल्या रुग्णास ‘जरा यांच्याशी बोला’ म्हणून औषधालयात विनावेतन बसविणे (आपल्यापैकी अनेकांनी हे केले आहे) हा त्याच्यावर अन्याय होय.