टेबलावरची बार्शी लाईट

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यात तीन मापांचे रूळ होते. मुंबईहून रायचूरकडे जाणारा ब्रॉडगेजचा मुख्य मार्ग, होटगीहून विजापूर-गदगकडे वळणारी मीटरगेज आणि कुर्डुवाडीहून एकीकडे बार्शी-लातूर, दुसरीकडे पंढरपूर-मिरज अशी पसरलेली नॅरोगेज, म्हणजे आपली बार्शी लाईट. दोन रुळांमधलं अंतर अनुक्रमे १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. आज जिल्हाभर एकच माप उरलंय, ब्रॉडगेज. बाकीची दोन शिल्लक आहेत ती कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅलरीत, दिवाणाखाली सरकवून ठेवलेल्या प्लायवुडच्या फळ्यांवर. ती तिथवर कशी पोचली आणि कुणी पोचवली, याचा हा मागोवा.

आधी मोठ्या गाड्यांचं सांगतो. जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग मोहोळहून सोलापूरला पोचला तो १८६० च्या जूनमध्ये. होटगी-गदग मीटरगेज सदर्न मराठा रेल्वेने १८८४ मध्ये सुरू केली. आणि १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. रूळ हलके, पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलेलं, एका आसावर पाच टनांच्या आसपास. त्यामुळे अरुंद रुळांवरही लांब, मजबूत डबे चालत. १९०६ ला लाईन पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. बार्शीचा कापूस आणि आषाढीचे वारकरी या लाईनने किती वाहिले, त्याची गणती नाही. कंपनी लंडनची. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

आता छोट्या गाड्यांकडे येतो. नव्वदच्या दशकापर्यंत आमच्या भागात या छंदाला नावही नव्हतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत चावीची पत्र्याची आगगाडी मिळायची. गोल फिरायची आणि सात-आठ दिवसांत तिची स्प्रिंग तुटायची. कुणाचा काका अमेरिकेहून खरा सेट घेऊन आला, तर त्याचा ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टचा निघायचा आणि इथल्या २३० व्होल्टला लावला की धूर. मग रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बारा व्होल्टचा डीसी पुरवठा बनवून घ्यायचा. दुकानदार विचारायचा, “कशाला पाहिजे?” गाडी खेळायला, असं मिशा फुटलेल्या माणसाने सांगायचं म्हणजे अवघडच. जो तो हे लपूनछपूनच करत होता. सोलापुरात आपल्यासारखा दुसराही कुणी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

१ एप्रिल १९९८ ला पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय उघडलं आणि हा संकोच बऱ्याच जणांचा सुटला. भाऊसाहेब जोशी यांनी आपली नोकरी-व्यवसायाची वर्षं सांभाळत, हौसेने आणि स्वतःच्या खिशातून जमवलेलं हे काम. एका दालनात अख्खं शहर उभं आहे. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव आणि या सगळ्यातून वाट काढत धावणाऱ्या गाड्या. खेळ सुरू असताना दालनातला उजेड हळूहळू कमी होतो, शहरात रात्र होते, खिडक्यांमागे दिवे लागतात आणि डब्यांच्या उजळलेल्या खिडक्यांची एक ओळ वळणावरून सरकत जाते. त्या वेळी आसपासच्या खुर्च्यांकडे बघावं. पोरं बोटं दाखवत असतात आणि बाप त्यांच्यापेक्षा पुढे वाकलेले असतात. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतणारे आमच्यातले काही जण तिथे पहिल्यांदा एकमेकांना भेटले. एकाच गावात राहून ओळख झाली ती पुण्यात.

ओळख झाल्यावर जे घडलं, ते मला या छंदातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. इतर हौशी मंडळींत नवख्याला आधी जोखतात. कॅमेरा कुठला, गुरू कोण, किती वर्षं करताय. इथे पहिला प्रश्न असायचा, “जागा किती आहे तुमच्याकडे?” चार बाय दोनची फळी बसेल एवढी जागा असली, तरी समोरचा खूश. लगेच कागद निघायचा, त्यावर लंबगोल काढला जायचा, एक सांधा इथे, एक साईडिंग तिथे. दुसऱ्या भेटीला कुणीतरी वापरलेल्या रुळांचे सहा तुकडे रुमालात बांधून आणायचं. पैसे विचारले तर, “पुढच्या नवीन माणसाला तुम्ही द्या.” माझ्या पहिल्या फळीवरचे निम्मे रूळ असेच आले आणि नंतर तसेच पुढे गेले.

ही रीत फक्त आमची नव्हे. १९८९ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या काही भारतीयांनी ‘इंडियन रेल्वेज फॅन क्लब’ची सुरुवात केली. इंजिनांचे वर्ग, रंगसंगती, डब्यांची मापं, सिग्नलचे प्रकार अशी अफाट माहिती त्या मंडळींनी जमवली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. मॉडेल करणाऱ्याला अशी माहिती म्हणजे अर्धं काम. कारण परदेशी कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये भारतीय गाड्या जवळजवळ नव्हत्याच. जर्मनीची मार्कलिन किंवा इंग्लंडची हॉर्नबी आपापल्या देशांच्या गाड्या काढत. आपल्याला आपलं डब्ल्यूडीएम-टू इंजिन हवं असेल, तर परदेशी मॉडेलची चासी घ्यायची आणि वर प्लॅस्टिक शीटची बॉडी स्वतः कापून चढवायची. मूळ इंजिन अमेरिकेच्या अल्को कंपनीचं, म्हणून जवळचं काहीतरी सापडायचं एवढंच.

मग गेज बदलायला सुरुवात झाली. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी गेलं, २००८ पर्यंत लातूरकडची बाजू ब्रॉडगेज झाली, त्यानंतर मिरजेकडची. होटगी-गदगची मीटरगेजही त्याच दशकात संपली. प्रवाशांच्या दृष्टीने हे फार आधी व्हायला हवं होतं. लातूरकराला मुंबईला जायला कुर्डुवाडीत सामान उतरवून गाडी बदलावी लागायची, त्यात गोड वाटावं असं काही नव्हतं. पण रूळ निघणार म्हटल्यावर आमच्या मंडळींची धावपळ उडाली. रविवारी टेप, वही आणि कॅमेरा घेऊन जोड्या निघू लागल्या. फलाटाची उंची, पाण्याच्या टाकीचे खांब, फाटकाच्या केबिनचं छप्पर, स्टेशनच्या पाटीची जाडी, सगळं मोजलं गेलं. स्टेशनमास्तर आधी संशयाने बघत. कारण कळलं की बहुतेक जण चहा मागवत, आणि एखादा स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायला येत असे. त्या वह्यांच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या. माझी मापं, माझे फोटो असं कुणी म्हटलं नाही. आज बार्शी लाईटच्या एखाद्या छोट्या स्टेशनची नेमकी मापं हवी असतील, तर ती त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात सापडायची शक्यता जास्त.

यात गणिताची एक गंमत आहे. जगात सर्वांत चालणारं माप एचओ, म्हणजे मूळ वस्तूच्या एक सत्त्याऐंशीअंश. आपलं ब्रॉडगेज या मापात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतं. बाजारात मिळणारे एचओचे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले. म्हणजे आपला डबा त्यावर ठेवला की पाय जवळ घेऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. चोखंदळ लोक मग एकेक रूळ हाताने टाकत बसतात. पण मीटरगेज भागिले सत्त्याऐंशी केलं की साडेअकरा येतात आणि बाजारात बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. बार्शी लाईटचे ७६२ मिलिमीटर पावणेनऊपर्यंत येतात आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तर सगळीकडे मिळतात. रेल्वेने जी दोन मापं काढून टाकली, तीच टेबलावर चपखल बसतात. जे राहिलं, त्याच्याशी झटापट चालू आहे.

जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमलो होतो तेव्हाची गोष्ट. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी पहिल्यांदाच आला होता. बुटाच्या खोक्यातून त्याने नॅरोगेजचे दोन डबे काढले. लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे, पण खिडक्यांच्या पट्ट्या इतक्या सरळ की हात आखडावा. फक्त टोकाला त्याने ब्रॉडगेजसारखे डावी-उजवीकडे दोन बफर लावले होते. खोलीतल्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं आणि कुणी काही बोललं नाही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी डबा उचलून डोळ्यांजवळ धरला, खिडक्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “हात चांगलाय तुझा. आता बग, ही बारकी लाईन. वळणं लई आखूड. बाजूला दोन बफर ठिवलं तर वळणावर एकात एक अडकतेत आन् डबा खाली येतो. म्हून मधोमध एकच.” मग दैनिक ‘संचार’च्या कोऱ्या कडेवर पेन्सिलने त्यांनी मधल्या बफरचं आणि त्याच्या हुकाचं चित्र काढलं, बाजूला इंचांत मापं लिहिली. पोराने तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. पुढच्या बैठकीला तो आला, तेव्हा डबे दोनाचे पाच झाले होते. फिटरसाहेबांनी तोवर मॉडेल नावाची वस्तू हातात धरली नव्हती. त्या दिवसापासून तेही आमच्यातलेच झाले.

बार्शी लाईटचे चाहते इंग्लंडातही आहेत, ही गोष्ट मला उशिरा कळली. कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाईन उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. इंजिनांवर भलेमोठे दिवे, डब्यांना व्हरांडे, सगळा थाट हिंदुस्थानी. इंग्रज खेड्यात तो ऊन शोधत आल्यासारखा दिसत असणार. तिच्यावर मॉडेल करणारे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नऊ मिलिमीटर रुळांवर नॅरोगेज चालवणाऱ्यांची ००९ सोसायटी १९७३ पासून आहे. त्यांच्यापाशी कारखान्यांचे नकाशे, आपल्यापाशी गाडीतून प्रवास केलेली आणि गाडी दुरुस्त केलेली माणसं. हा कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला, हे ऐकल्यावर आमच्या फिटरसाहेबांचा शेरा असा होता, “आमच्या लाईनवर ब्रेक मारून मारून सुचलं आसंल.”

सगळंच गोड होतं असं नाही. छंद महाग आहे. चांगल्या परदेशी इंजिनाच्या किमतीत घरातला फ्रीज येतो आणि हे वाक्य प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे. बैठकांना बायका फार कमी. येत त्यांना आधी चहाचं विचारलं जाई आणि इंजिनाचं नंतर. हे आता बदलतंय, पण सावकाश. डब्याचा लाल रंग कुठल्या सालचा यावरून महिनाभर अबोला धरणारेही आमच्यात आहेत. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हे सारं घराघरांत विखुरलेलं आहे. माणूस गेला की फळी अडगळीत जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे. असे दोन-तीन लेआउट आमच्या डोळ्यांदेखत गेले.

थ्रीडी प्रिंटर आल्यापासून कामाचा वेग वाढलाय. ज्या बोगीला पूर्वी महिना लागे, ती रात्रीत छापून निघते. १० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि नव्या पोरांना आता तीच हवी असते. जुनी मंडळी थोडं नाक मुरडतात आणि मग तिच्या नाकाचा उतार बरोबर आलाय का, हे बघायला चष्मा चढवतात. नवख्याला पहिला प्रश्न अजून तोच, जागा किती आहे तुमच्याकडे.

आता तो प्रश्न गावाला विचारायची वेळ आली आहे. पुण्यात एका माणसाच्या हौसेतून जे उभं राहिलं, त्याच्या पावपट जरी कुर्डुवाडीत झालं तरी पुरे. जिथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी उभ्या असायच्या, तिथेच एक मध्यम आकाराची खोली हवी. कोरडी, कुलूप लागणारी, वीज असलेली. त्यात कुर्डुवाडीचं जुनं यार्ड उभं राहू शकतं. मापं वह्यांत आहेत, रूळ घराघरांत आहेत आणि बफर कुठे लावायचा हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांची वयं मात्र आता सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम पुढच्या दोन-चार वर्षांत झालं तर बरं.