वेताळामागचा मार्क्सवादी

दोंडाईच्यात आमच्या घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. दोहोंच्या मधे ‘चांदोबा’. एकाच्या घरी अंक आला की गल्लीभर फिरायचा, माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं मुखपृष्ठ गळालेलं असायचं. अक्षरं नीट लागत नव्हती तेव्हा मी तो चित्रांवरूनच वाचला. आजी विचारायची, “काय वाची ऱ्हायना रे भो?” चित्र दाखवलं की तीच त्यावर अहिराणीत गोष्ट रचायची. त्यातली गोपुरं दक्षिणेतली आहेत हे आमच्या गावीही नव्हतं. राजाचं गाव असंच असतं, एवढीच समजूत.

नागिरेड्डी-चक्रपाणी या मद्रासच्या सिनेमावाल्यांनी जुलै १९४७मध्ये ‘चंदामामा’ काढला, १९५२मध्ये तो ‘चांदोबा’ म्हणून मराठीत आला, हे वाचकांना ठाऊक असेलच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला शंकर यांचा विक्रमही सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. चित्रकार असल्यानं शंकर निदान सहीपुरते तरी उरले. मला कुतूहल होतं ते वेताळाला बोलायला लावणाऱ्याचं.

शोध घेता घेता पोचलो आंध्रातल्या तेनालीला. कोडवटिगंटि कुटुंबराव (१९०९–१९८०) मूळचे तिथले. भौतिकशास्त्र शिकायला बनारसला गेले, पण ते शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे तेलुगूतले मोठे कथाकार झाले. पक्के विवेकवादी आणि मार्क्सवादी. १९७०मध्ये तेलुगू क्रांतिकारी लेखकांची ‘विरसम’ ही संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. आणि १९५२पासून अखेरपर्यंत हाच माणूस राजा-राणी, राक्षस आणि भुताखेतांनी भरलेल्या ‘चंदामामा’चा कारभार सांभाळत होता!

पोटासाठी केलेली तडजोड म्हणून हे निकालात काढता येईल. मला ते पटत नाही. ‘वेतालपंचविंशति’त गोष्टी पंचवीसच. त्या संपल्यावरही मासिकातला वेताळ थांबला नाही, शेकडो गोष्टी सांगत राहिला. साचा मात्र तोच: शेवटी पेच, आणि राजानं उत्तर द्यायचं ते कारणासकट. नुसतं ‘हा बरोबर, तो चूक’ म्हणून भागत नाही. भूत निमित्तमात्र, खरा खेळ युक्तिवादाचा. विवेकवाद्याला यापेक्षा सोयीची जागा कुठली मिळणार?

याच कचेरीत दासरी सुब्रह्मण्यम् यांनी ‘तोकचुक्क’पासून कितीतरी अद्भुत मालिका लिहिल्या, चित्रकार ‘चित्रा’ यांनी त्यांतले मांत्रिक रंगवले. मालिकेवर लेखकाचं नाव मात्र नसे.

मराठी बालसाहित्याच्या चर्चेत ‘चांदोबा’ला बाहेरून आलेला स्वस्त माल समजून बाजूला सारतात. खानदेशात तरी हा हिशेब चुकतो. आमच्या गल्लीत ‘राजानं बोलायला हवं होतं का?’ यावर भांडणं झाली, तीही अहिराणीत. कारण विचारायची सवय आम्हाला तिथे लागली, आणि ती लावणाऱ्यांत तेनालीचा एक मार्क्सवादी होता. मराठी वाचनाच्या इतिहासात त्याच्या नावाला एक ओळ मिळायला काय हरकत आहे?