मानेला मार लागला तर आधी स्थिर, मग हलती

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे येणाऱ्या लामरोडवर दुचाकी घसरली की चार माणसं धावतात. एक जण पडलेल्याला बखोटीला धरून उठवतो, दुसरा पाणी पाजतो, तिसरा रिक्षात बसवतो. यामागे माणुसकीच असते, पण मानेला मार लागला असेल तर हीच घाई अंगाशी येऊ शकते.

मानेत ७ मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोंचं डोकं तोललेलं असतं. डोकं उजवी-डावीकडे वळतं ते जवळपास निम्मं वरच्या दोन मणक्यांमधल्या सांध्यामुळे. हालचालीची ही मोकळीक मिळते, पण तिच्यापायी बळकटी कमी पडते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. श्वासपटल चालवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू चिरडला तर हातपायांबरोबर श्वासही बंद पडतो.

पुष्कळदा मणका मोडतो, पण मज्जारज्जू शाबूत राहतो. तो दुखावतो नंतरच्या ओढाताणीत. तुटलेले तंतू पुन्हा जोडणारं औषध अजून सापडलेलं नाही. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात कण्याला इजा झालेले जवान व्हीलचेअरवर नव्यानं आयुष्य उभं करतात, ते म्हणूनच.

त्यामुळे जखमीला आहे तसं राहू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ला फोन करा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती नको. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

गाडीला मागून धडक बसली तर सीट धडाला पुढे रेटते, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मानेला झटका बसतो. हा व्हिपलॅश. यात दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. सीटवरची डोक्याची उशी माथ्याच्या उंचीला असेल तर हा झटका कमी होतो.

डॉक्टरांनी तपासून हाड मोडलेलं नाही असं सांगितलं, की नियम उलटा होतो. पूर्वी महिनाभर पट्टा बांधत. त्यानं स्नायू दुबळे होतात आणि मान आणखी आखडते. आता सल्ला असतो तो वेदनाशामक घेऊन, शेक देऊन, सोसेल तेवढी मान हळूहळू वळवत रोजची कामं करण्याचा. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

मात्र हाताला मुंग्या येणं, पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. पासष्टी ओलांडलेल्यांनी साधं पडणंही हलक्यात घेऊ नये. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं तर कायमचं बंद करा. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात, आणि अशा झटक्यानं त्या फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.